‘हेवी’ या इंग्रजी विशेषणाचे अर्थ आणि त्याचा अचूक वापर

इंग्रजी शिकू लागल्यावर ‘हेवी’ हा शब्द फार लवकर भेटतो. ‘हेवी’ म्हणजे जड आणि ‘लाइट’ म्हणजे हलके, अशी जोडी पाठ केली जाते आणि बहुतेकांचा या शब्दाचा अभ्यास तेवढ्यावरच थांबतो. पुढे वाचन वाढते तसे ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’, ‘हेवी स्मोकर’, ‘हेवी अ‍ॅक्सेंट’, ‘हेवी वॉटर’, ‘हेवी गोइंग’ असे प्रयोग समोर येऊ लागतात. संदर्भावरून त्यांचा अर्थ बहुधा लागतो. खरी अडचण येते ती स्वतः लिहिताना आणि बोलताना, कारण पावसाला चालणारे हे विशेषण वाऱ्याला का चालत नाही, सर्दीला चालते ते तापाला का चालत नाही, हे ‘जड’ या एका प्रतिशब्दावरून कधीच कळत नाही. ‘हेवी’चा अर्थ त्याच्या सोबतचे नाम ठरवते, म्हणून हा शब्द एकटा न शिकता नामासकट शिकावा, असे माझे ठाम मत आहे. तो तसा कसा शिकावा, हे पुढे मांडले आहे.

उच्चार आणि रूपे

हा शब्द एच, ई, ए, व्ही, वाय या अक्षरांनी लिहिला जातो. त्यातील पहिला स्वर ‘हेड’ आणि ‘ब्रेड’ या शब्दांतल्यासारखा आखूड आहे. तो ‘हेवा’ या मराठी शब्दातल्या ‘हे’इतका लांबवू नये आणि ‘हॅवी’ असा उघडाही करू नये. ‘व्ही’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकले पाहिजेत. तुलनेची रूपे ‘हेवियर’ आणि ‘हेवियस्ट’ अशी होतात व ती लिहिताना शेवटच्या ‘वाय’च्या जागी ‘आय’ येतो. ‘मोअर हेवी’ असे म्हणू नये. क्रियाविशेषण ‘हेविली’ आणि भाववाचक नाम ‘हेविनेस’ यांतही ‘वाय’चा ‘आय’ होतो.

वजनाचा अर्थ

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘हेफिग’ असा होता आणि जोर लावून उचलणे या अर्थाचे ‘हीव्ह’ हे क्रियापद त्याच्याच कुळातले आहे. उचलायला जोर लागतो ते ‘हेवी’, ही कल्पना मनात पक्की धरली, तर पुढचे जवळजवळ सगळे लाक्षणिक अर्थ तिच्याशी जोडता येतात. म्हणून व्युत्पत्तीचा हा एवढा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शब्दशः अर्थाने ‘हेवी’ हे विशेषण नामाच्या आधीही येते आणि क्रियापदानंतरही येते. ‘अ हेवी बॉक्स’ आणि ‘द बॉक्स इज हेवी’ ही दोन्ही वाक्यरूपे बरोबर आहेत. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे ते अधिविशेषण (नामाआधी येणारे) आणि विधिविशेषण (नामानंतर, विधानात येणारे) अशा दोन्ही भूमिका निभावते. या गोष्टीचे महत्त्व थोड्या वेळाने कळेल, कारण काही अर्थांमध्ये यांपैकी एकच भूमिका चालते. रंगाचा किंवा द्रव्याचा उल्लेख करणारे विशेषणही सोबत असेल, तर ‘हेवी’ त्याच्या आधी येते: ‘अ हेवी ब्लॅक बॅग’, ‘अ हेवी वुडन डोअर’.

वजन विचारताना इंग्रजी माणूस ‘हाउ हेवी इज इट?’ असे विचारतो, तेव्हा वस्तू जड आहे असे त्याने गृहीत धरलेले नसते. ‘हाउ ओल्ड आर यू?’ या प्रश्नात जसे समोरच्याला म्हातारा म्हटलेले नसते, तसेच हे आहे. नवजात बाळाबद्दल किंवा पत्राच्या पाकिटाबद्दलही हा प्रश्न निःसंकोच विचारता येतो. उलट ‘हाउ लाइट इज इट?’ असे विचारले, तर वस्तू हलकी असल्याचे आधीच मान्य केल्यासारखे होते.

माणसाच्या शरीराबद्दल बोलताना मात्र जपून राहावे. ‘फॅट’ या शब्दापेक्षा ‘हेवी’ सौम्य आहे, पण तरीही ते जाडेपणाचेच सूचन आहे. ‘ही हॅज गॉट अ बिट हेवियर’ हे वाक्य जवळच्या माणसाबद्दल आपुलकीने म्हटले जाईल. औपचारिक लेखनात ते टाळणेच बरे.

‘हेवी’ला ‘बल्की’ आणि ‘डेन्स’ यांच्यापासून वेगळे ठेवणेही आवश्यक आहे. ‘बल्की’ वस्तू जागा फार व्यापते, पण ती वजनाने हलकी असू शकते. ‘डेन्स’ म्हणजे दाट घनतेचे: शिशाचा लहानसा तुकडा ‘डेन्स’ असतो, पण तळहातावर सहज मावत आणि पेलत असेल तर त्याला ‘हेवी’ म्हणण्याचे कारण नाही. मराठीतील ‘अवजड’ या शब्दात वजन आणि हाताळण्याची गैरसोय या दोन्ही गोष्टी एकवटलेल्या आहेत, म्हणून इंग्रजी करताना नेमके काय सांगायचे आहे ते आधी ठरवावे. केवळ गैरसोय सांगायची असेल, तर ‘कम्बरसम’ हा शब्द अधिक योग्य.

जड कशाला म्हणायचे, हे सापेक्ष आहे आणि वेगवेगळ्या शास्त्रांनी आपापल्या सोयीने त्याची रेषा आखली आहे. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकीच्या सर्व मूलद्रव्यांना ‘हेवी एलिमेंट्स’ म्हणतात. त्यांच्या दृष्टीने कार्बन आणि ऑक्सिजनही जडच. विमानवाहतुकीत कमाल मान्य उड्डाणवजन १,३६,००० किलो किंवा त्याहून अधिक असलेली विमाने आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या वर्गीकरणानुसार ‘हेवी’ वर्गात येतात, आणि वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलताना आपल्या विमानाच्या संकेतनामानंतर ‘हेवी’ हा शब्द उच्चारतात. अशा विमानाच्या मागे हवेत जोरदार भोवरे निर्माण होतात आणि मागून येणाऱ्या लहान विमानाला त्यांपासून दूर ठेवावे लागते, हे त्यामागचे कारण आहे. त्या दिवशी विमान रिकामे असले तरी त्याचा वर्ग बदलत नाही.

‘हेवी वॉटर’ म्हणजे जड पाणी. यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचा जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा अधिक वजनाच्या अणूंचा प्रकार, असतो. ड्यूटेरियमचा शोध हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये लावला आणि त्यासाठी त्यांना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जड पाण्याची घनता साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी अधिक असते, म्हणजे येथे विशेषण अगदी शब्दशः खरे आहे. ‘हेवी मेटल’चे तसे नाही. या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नाही; व्यवहारात ती शिसे, पारा, कॅडमियम अशा विषारी धातूंसाठी वापरली जाते आणि खऱ्या अर्थाने धातू नसलेले आर्सेनिकही त्याच यादीत टाकले जाते. सोने शिशाहून कितीतरी घन असूनही प्रदूषणाच्या चर्चेत त्याचे नाव येत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटन व अमेरिकेत उदयाला आलेल्या दणदणीत आवाजाच्या रॉक संगीतालाही ‘हेवी मेटल’च म्हणतात, त्यामुळे ही जोडी दिसली की आधी विषय कोणता हे पाहावे.

प्रमाण आणि जोर

रोजच्या इंग्रजीत ‘हेवी’चा सर्वाधिक वापर वजनासाठी होत नाही, तो ‘नेहमीपेक्षा बरेच जास्त’ किंवा ‘जोराचे’ या अर्थाने होतो. ‘हेवी रेन’ म्हणजे जोराचा पाऊस, ‘हेवी स्नो’ म्हणजे दाट हिमवर्षाव, ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणजे रस्त्यावरची वाहनांची मोठी वर्दळ, ‘हेवी लॉसेस’ म्हणजे मोठे नुकसान, ‘हेवी फाइन’ म्हणजे जबर दंड, ‘हेवी ब्लीडिंग’ म्हणजे अतिरक्तस्राव, ‘हेवी सिक्युरिटी’ म्हणजे कडेकोट बंदोबस्त. मराठी प्रतिशब्द प्रत्येक ठिकाणी बदलला आहे, यावरूनच इंग्रजी शब्दाचा आवाका लक्षात येतो.

या सर्व नामांमध्ये एक समान धागा दिसतो. पाऊस, बर्फ, वाहने, नुकसान, दंड, जबाबदारी या गोष्टी कशावर तरी येऊन पडतात, साचतात किंवा कोणाला तरी सोसाव्या लागतात. रस्त्यावर वाहनांचा भार येतो, दंडाचा भार दंडित माणसावर येतो. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, आणि त्याला अपवाद सापडतात. परंतु नवे नाम समोर आल्यावर पहिला अंदाज बांधण्यासाठी ही कसोटी उपयोगी पडते. ‘हेवी ब्लो’ म्हणजे जोराचा तडाखा, आणि तोही वरून येऊन बसतोच.

काही जोड्या फसव्या आहेत. ‘हेवी फायर’ म्हणजे मोठी आग असे वाटते, पण युद्धाच्या बातम्यांत त्याचा अर्थ तुफान गोळीबार असा असतो. मोठ्या आगीला ‘बिग फायर’ किंवा ‘मेजर फायर’ म्हणावे. ‘हेवी सी’ म्हणजे उंच लाटांनी खवळलेला समुद्र. ‘हेवी स्काय’ म्हणजे ढगांनी भरून आलेले आकाश. ‘हेवी लाइन’ म्हणजे जाड रेघ आणि ‘हेवी टाइप’ म्हणजे ठळक टंक. ‘हेवी कोट’ वजनदार असतोच, पण बोलणाऱ्याला बहुधा तो जाड आणि उबदार आहे हेच सांगायचे असते. मातीच्या बाबतीत इंग्रजीचा ‘हेवी सॉइल’ आणि शेतकऱ्याच्या तोंडची ‘भारी जमीन’ यांचा मेळ फार छान बसतो: दोन्हींत चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेली, पाणी धरून ठेवणारी आणि मशागतीला जोर लागणारी जमीन अभिप्रेत आहे.

प्रमाणाचा हा अर्थ कधीकधी आकड्यांत बांधलेला असतो. अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या पारिभाषिक कोशानुसार ताशी ०.३० इंच, म्हणजे सुमारे ७.६ मिलिमीटर यापेक्षा अधिक वेगाने पडणारा पाऊस ‘हेवी’ ठरतो. इतर देशांचे हवामान विभाग आपापल्या मर्यादा ठरवतात. म्हणून हवामानाच्या अहवालाचे भाषांतर करताना ‘हेवी रेन’साठी ‘मुसळधार’, ‘धुवाधार’, ‘धो-धो’ यांपैकी मनाला येईल तो शब्द न घेता त्या विभागाने ठरवलेला पारिभाषिक शब्दच घ्यावा. ललित लेखनात मात्र हे बंधन नाही.

माणसाच्या आधी आलेले ‘हेवी’

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चांगले इंग्रजी येणारेही येथे अडखळतात. ‘अ हेवी स्मोकर’ म्हणजे खूप धूम्रपान करणारा माणूस; त्याचे स्वतःचे वजन कितीही असो. ‘अ हेवी ड्रिंकर’ म्हणजे अट्टल दारू पिणारा. ‘अ हेवी स्लीपर’ म्हणजे सहजासहजी जाग न येणारा. या तिन्ही ठिकाणी ‘हेवी’ हे विशेषण दिसायला माणसाच्या नामाला लागले असले, तरी अर्थाने ते त्या नामात दडलेल्या क्रियेला लागलेले आहे: धूम्रपान खूप, पिणे खूप, झोप गाढ. म्हणूनच येथे ‘हेवी’ नामाच्या आधीच यावे लागते. ‘द स्मोकर इज हेवी’ असे म्हटले, तर क्रियेशी असलेला संबंध तुटतो आणि धूम्रपान करणारा तो माणूस जाड आहे, असा भलताच अर्थ निघतो. ‘द बॉक्स इज हेवी’ चालते आणि हे चालत नाही, यामागचे कारण हेच आहे.

मग क्रिया करणाऱ्या कोणत्याही माणसाला ‘हेवी’ लावता येईल काय? येत नाही, आणि ते ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. नाम सोडून क्रियापद घ्यावे आणि त्याच्यासोबत ‘हेविली’ शोभते का ते पाहावे. ‘स्मोक हेविली’, ‘ड्रिंक हेविली’, ‘स्लीप हेविली’ हे प्रयोग इंग्रजीत रुळलेले आहेत, म्हणून त्यांची नामरूपेही ‘हेवी’ घेतात. ‘वर्क हेविली’ असे कोणी म्हणत नाही, ‘वर्क हार्ड’ म्हणतात. त्यामुळे कष्टाळू माणूस ‘हार्ड वर्कर’ होतो, ‘हेवी वर्कर’ होत नाही. खोल विचार करणे म्हणजे ‘थिंक डीपली’, म्हणून विचारवंत ‘डीप थिंकर’. वेगाने गाडी चालवणारा ‘फास्ट ड्रायव्हर’. सतत वाचणाऱ्यासाठी ‘अ‍ॅव्हिड रीडर’ हीच जोडी अधिक शोभते. उलट एखाद्या सेवेचा वा साधनाचा खूप वापर करणाऱ्याला ‘हेवी यूजर’ म्हणणे अगदी योग्य आहे.

हीच युक्ती निर्जीव नामांनाही लागू पडते. ‘हेवी रेन’ बरोबर, कारण ‘इट रेन्ड हेविली’ बरोबर आहे. ‘हेवी इन्व्हेस्टमेंट’ आणि ‘इन्व्हेस्ट हेविली’, ‘हेवी लॉसेस’ आणि ‘लूज हेविली’, ‘हेवी ब्रीदिंग’ आणि ‘ब्रीद हेविली’, ‘हेवी रिलायन्स’ आणि ‘रिलाय हेविली’ अशा जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात, म्हणजे एका नोंदीत दोन प्रयोग हाती येतात. येथे एक गोष्ट ध्यानात येईल: ‘हेविली’ हे क्रियाविशेषण वजनाबद्दल क्वचितच बोलते. ‘हेविली लोडेड’ म्हणजे खच्चून माल भरलेला आणि ‘ही सॅट डाउन हेविली’ म्हणजे तो धपकन बसला, असे मोजके प्रयोग सोडले, तर ते जवळजवळ नेहमी प्रमाण आणि जोरच दाखवते. ‘हेविली आर्म्ड’ म्हणजे शस्त्रसज्ज, ‘हेविली इन डेट’ म्हणजे कर्जबाजारी, ‘हेविली प्रेग्नंट’ म्हणजे दिवस भरत आलेली गर्भवती.

मनावरचा आणि बुद्धीवरचा भार

या अर्थांत मराठी भाषकाला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण आपली भाषाही याच वाटेने गेली आहे. ‘विथ अ हेवी हार्ट’ म्हणजे जड अंतःकरणाने. ‘हेवी स्टेप्स’ म्हणजे जड पावले. ‘माय आयलिड्स आर हेवी’ म्हणजे पापण्या जड झाल्या आहेत. ‘माय हेड फील्स हेवी’ म्हणजे डोके जड झाले आहे. ‘हेवी मील’ पोटाला जड जाते. एखादे पुस्तक ‘हेवी गोइंग’ आहे असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा ते वाचायला जड जाते असाच अर्थ असतो. घोड्यांच्या शर्यतीत चिखलाने जड झालेल्या धावपट्टीसाठीही हाच शब्दप्रयोग आहे. पुस्तक कंटाळवाणे आहे असा त्याचा अर्थ दरवेळी नसतो, पुष्कळदा ते नेटाने वाचावे लागते एवढेच त्यातून सुचवले जाते.

‘हेवी सायलेन्स’ म्हणजे नुसती शांतता नव्हे. कोणीतरी काहीतरी बोलायला हवे आहे आणि कोणीच बोलत नाही, अशा वेळची ती कोंडलेली शांतता असते. ‘हेवी रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणजे मोठी आणि दडपण आणणारी जबाबदारी. गंभीर मुद्दा सांगताना मात्र ‘हेवी’पेक्षा ‘वेटी’ हे विशेषण अधिक प्रतिष्ठित वाटते: ‘अ वेटी मॅटर’ म्हणजे महत्त्वाचा, विचार करण्याजोगा विषय. अनौपचारिक बोलण्यात ‘दॅट्स हेवी’ असेही म्हणतात, आणि त्यात ऐकलेली गोष्ट मनावर दडपण आणणारी आहे अशी कबुली असते.

‘अ‍ॅक्सेंट’ हे नाम या सगळ्यांहून वेगळे आहे. ‘शी स्पीक्स विथ अ हेवी अ‍ॅक्सेंट’ म्हणजे तिच्या उच्चारांवर दुसऱ्या भाषेची ठसठशीत छाप आहे. ‘थिक अ‍ॅक्सेंट’ आणि ‘स्ट्राँग अ‍ॅक्सेंट’ हेही तितकेच प्रचलित आहेत. ‘हेवी’ म्हणजे ‘जास्त’ एवढे समजून घेतले, की हा प्रयोग आपोआप उलगडतो.

जेथे ‘हेवी’ चालत नाही

मराठीत ‘जोराचा’, ‘भरपूर’, ‘जबरदस्त’ हे शब्द पुष्कळ नामांना लागतात, आणि त्या सर्वांच्या जागी ‘हेवी’ टाकण्याची सवय लागली की इंग्रजी बिघडते. जोराचा वारा ‘स्ट्राँग विंड’ असतो, ‘हेवी विंड’ नव्हे. पाण्याची जोराची ओढही ‘स्ट्राँग करंट’. कडक चहा-कॉफीलाही ‘स्ट्राँग’ म्हणतात. उग्र वासाला ‘स्ट्राँग स्मेल’ म्हणावे. ‘हेवी सेंट’ म्हटले, तर मंद न वाटता डोक्यात भिनणारा गोडसर सुगंध डोळ्यांपुढे येतो. जे आतून जोर लावते किंवा ज्याची तीव्रता त्याच्या अंगीच असते, त्याला ‘स्ट्राँग’, असा ढोबळ आडाखा बांधता येईल.

ज्या गोष्टी चढत्या मोजपट्टीवर मोजल्या जातात, त्यांना ‘हाय’ लागते: ‘हाय फीवर’, ‘हाय स्पीड’, ‘हाय टेम्परेचर’, ‘हाय सॅलरी’. वस्तूची किंमत जास्त असेल तर ‘हाय प्राइस’. पण एखाद्या कृतीचे परिणाम भोगावे लागले असतील, तर ‘पे अ हेवी प्राइस’ म्हणतात, कारण आता ती सोसण्याची गोष्ट झाली. एकाच नामाला दोन विशेषणे लागून अर्थ कसा पालटतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘अ हेवी कोल्ड’ म्हणजे जोराची सर्दी. तापाला मात्र ‘हाय’च हवे.

दुखण्याला ‘सिव्हिअर पेन’ म्हणावे आणि डोकेदुखीला ‘बॅड हेडेक’ किंवा ‘स्प्लिटिंग हेडेक’. गंभीर चूक ‘सीरिअस मिस्टेक’ होते. मोठी गर्दी ‘ह्यूज क्राउड’ किंवा ‘लार्ज क्राउड’ होते. वाहनांच्या वर्दळीला ‘हेवी’ चालते म्हणून माणसांच्या जमावालाही ते लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. सखोल ज्ञान ‘डीप नॉलेज’. दाट लोकवस्तीसाठी ‘डेन्सली पॉप्युलेटेड’ हा प्रयोग सर्वांत सुरक्षित. मोठ्या रकमेच्या बिलासाठी ‘हेफ्टी बिल’ म्हणता येते, आणि दंडाच्या बाबतीत ‘हेवी फाइन’ व ‘हेफ्टी फाइन’ हे दोन्ही चालतात.

शंका आली तर केवळ इंग्रजी-मराठी शब्दकोश पाहून भागत नाही, कारण तो ‘हेवी’चे मराठी अर्थ देईल, पण कोणत्या नामाला ते शोभते हे बहुधा सांगणार नाही. त्यासाठी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश किंवा शब्दांच्या जोड्यांचा स्वतंत्र कोश उघडावा, आणि शोध विशेषणाखाली न घेता नामाखाली घ्यावा. ‘विंड’ काढले, की ‘स्ट्राँग’, ‘हाय’, ‘लाइट’, ‘बिटर’ अशी त्याच्या सोबत्यांची रांग समोर येते आणि तिच्यात ‘हेवी’ला जागा आहे का हे लगेच कळते. आपण लिहिताना आधी नाम ठरवतो आणि मग विशेषण शोधतो, म्हणून कोशही त्याच दिशेने वापरणे हिताचे.

विरुद्धार्थी शब्द

‘हेवी’च्या उलट ‘लाइट’ हे शाळेतले उत्तर अर्धेच खरे आहे. पाऊस, वाहतूक, जेवण, झोप, उद्योग, जमीन यांच्या बाबतीत ते चालते: ‘लाइट रेन’, ‘लाइट ट्रॅफिक’, ‘लाइट स्लीपर’, ‘लाइट इंडस्ट्री’. परंतु ‘हेवी अ‍ॅक्सेंट’च्या उलट ‘स्लाइट अ‍ॅक्सेंट’ आणि ‘हेवी कोल्ड’च्या उलट ‘स्लाइट कोल्ड’. ‘हेवी लाइन’च्या उलट ‘थिन लाइन’. ‘हेवी-हार्टेड’ म्हणजे दुःखी. त्याच्या उलट म्हणून ‘लाइट-हार्टेड’ वापरता येते, पण त्या शब्दात निश्चिंत, खेळकर वृत्तीची छटा आहे, केवळ दुःख नसणे एवढाच त्याचा अर्थ नाही.

‘विथ’, ‘ऑन’ आणि जोडशब्द

‘हेवी विथ’ ही रचना लेखनाला फार उपयोगी आहे. ‘ब्रांचेस हेवी विथ फ्रूट’ म्हणजे फळांनी लगडलेल्या फांद्या. ‘द एअर वॉज हेवी विथ मॉइश्चर’ म्हणजे हवेत दमटपणा कोंदला होता. ‘अ व्हॉइस हेवी विथ सॅरकॅझम’ म्हणजे उपरोधाने भरलेला स्वर. येथे ‘हेवी’ नामानंतर येते. ‘हेवी ऑन’ याचा अर्थ एखादी गोष्ट प्रमाणाबाहेर खर्चणारे किंवा वापरणारे: ‘हेवी ऑन फ्युएल’ म्हणजे खूप इंधन खाणारे वाहन, ‘हेवी ऑन डिटेल’ म्हणजे तपशिलांनी लादलेला मजकूर. शब्दाच्या शेवटी जोडचिन्हासह ‘हेवी’ लावूनही हाच आशय थोडक्यात सांगता येतो: ‘अ टेक्स्ट-हेवी पेज’. ‘टॉप-हेवी’ म्हणजे वरचा भाग जड असल्याने डोलणारी वस्तू, किंवा अधिकारी जास्त आणि प्रत्यक्ष काम करणारे कमी अशी संस्था.

‘हेवी-ड्यूटी’ म्हणजे कठीण वापर सोसेल असे मजबूत. ‘डू द हेवी लिफ्टिंग’ म्हणजे कामाचा अवघड भाग स्वतः पेलणे. ‘हेवीवेट’ हा मुष्टियुद्धातला गट, पण ‘अ पोलिटिकल हेवीवेट’ म्हणजे राजकारणातील मातब्बर नेता. हा शब्द एकत्र लिहावा. ‘मेक हेवी वेदर ऑफ समथिंग’ हा प्रयोग नौकानयनातून आला: वादळी समुद्रात जहाज हेलकावे खात कसेबसे पुढे सरकते, त्यावरून साध्या कामाचा उगाच बाऊ करणे असा अर्थ झाला. ‘टाइम हँग्ज हेवी’ म्हणजे वेळ जाता जात नाही. येथे आणि ‘वे हेवी ऑन’ (एखाद्यावर भार होऊन राहणे) या प्रयोगात ‘हेवी’ हे क्रियाविशेषणासारखे येते, मात्र औपचारिक लेखनात ‘वे हेविली ऑन’ अधिक पसंत केले जाते.

मराठीत आणताना

भाषांतर करताना ‘हेवी’ पाहून लगेच ‘भारी’ लिहू नये. बोलीत ‘भारी’ हा आता कौतुकाचा शब्द झाला आहे. ‘अ हेवी फिल्म’ म्हणजे ‘भारी चित्रपट’ नव्हे. मनाला थकवणारा, गंभीर विषयाचा चित्रपट असा त्याचा अर्थ आहे. उलट दिशेनेही तोच धोका आहे: ‘तो भारी खेळला’ याचे इंग्रजी ‘ही प्लेड हेवी’ असे केले, तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होणार नाही; तेथे ‘ब्रिलियंटली’ हवे. ‘हेवी इंडस्ट्री’ आणि ‘हेवी व्हेइकल’ यांसाठी ‘अवजड उद्योग’ आणि ‘अवजड वाहन’ हे शब्द रुळलेले आहेत, ते तसेच घ्यावेत.

‘हेवी-हँडेड’ या शब्दाने मात्र दरवेळी थांबून विचार करायला लावले पाहिजे. पोलिसांची किंवा सरकारची कारवाई ‘हेवी-हँडेड’ असेल, तर ती गरजेपेक्षा अधिक सक्तीची, दडपशाहीची असते. शिक्षकाची शिस्त तशी असेल तर ‘दडपशाही’ हा शब्द फार कठोर होतो, तेथे ‘करडेपणा’ पुरतो. आणि एखाद्या लेखकाची शैली ‘हेवी-हँडेड’ आहे असे समीक्षक म्हणतो, तेव्हा सक्तीचा प्रश्नच नसतो: सूचकपणे सांगण्याची गोष्ट लेखकाने बटबटीतपणे सांगितली, अशी त्याची तक्रार असते.